दोन्ही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणारी मराठवाड्यातल्या एका लहान गावातली आहे. वय २६, मराठीत एम.ए., सध्या पुण्यात राहून राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी. मागच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरात तिला कटऑफच्या वर गुण होते. सीसॅटमध्ये, म्हणजे आकलन, गणित आणि बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरात, मात्र पात्रतेसाठी लागणारा ६६ गुणांचा टप्पा चार गुणांनी हुकला आणि पहिल्या पेपरातली कमाई वाया गेली. गणिताची धास्ती जुनी, म्हणून सगळी मदार उतारा वाचून सोडवायच्या प्रश्नांवर. ती लिहिते: "लहानपणापासून हाताला लागेल ते वाचत आले आहे. उतारा मला कळतो. चारपैकी दोन पर्याय लगेच बाद होतात. पण उरलेल्या दोनांतला दरवेळी मी चुकीचाच निवडते. रूममेट म्हणते, पहिलं मनात येईल ते ठोक. अभ्यासिकेतला एक दादा म्हणतो, 'सर्व', 'केवळ', 'कधीच' दिसलं की काट. एका क्लासची 'उतारा न वाचता उत्तर' अशी दोन दिवसांची कार्यशाळा आहे, फी आठ हजार. बाबांकडे मागायची लाज वाटते. शिवाय पर्याय काटत काटत उत्तरापर्यंत जायचं म्हणजे उतारा कळलाच नाही असं कबूल करणं नाही का? की उतारे सोडून देऊन गणितच पक्कं करू?"

उत्तर

दरवेळी चुकीचाच निवडतेस, असं तू लिहिलंस. कधी मोजलंयस का? दोन पर्याय उरल्यावर डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. दरवेळी चुकायचं असेल, तर त्यासाठीसुद्धा आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागेल!

मला वाटतं, तुला आठवतात ते फक्त चुकलेले. पेपर तपासताना 'अरे, हेच तर आधी लिहिणार होते' असं ज्यांच्या बाबतीत झालं, ते प्रश्न मनात रुतून बसतात. जे सुटले त्यांच्यावर बरोबरची खूण करून आपण पुढे जातो. हे नुसतं माझं मत नाही. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली होती. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबरची चुकीची झाली, आणि बाकीची एका चुकीतून दुसऱ्या चुकीत गेली. तरीही बहुतेक विद्यार्थी शपथेवर सांगत होते की पहिलं उत्तर बदलू नये. कारण तेच: बदलून चुकलेलं जास्त सलतं, म्हणून जास्त लक्षात राहतं. तुझ्या रूममेटच्या सल्ल्यामागेही बहुधा असेच दोन-तीन सलणारे प्रश्न असतील.

तेव्हा पहिलं काम मोजणीचं. आयोगाच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या सीसॅटच्या प्रश्नपत्रिका घे, सोबत अंतिम उत्तरतालिका. सोडवताना जिथे दोनांवर अडकशील तिथे समासात एक टिंब दे. तपासल्यावर फक्त टिंबवाले प्रश्न मोज. निम्मे बरोबर येत असतील, तर तुला दुर्दैव नडत नाहीये. त्या दोनांत निवड करायची पद्धतच तुझ्याकडे नाही, एवढंच. निम्म्याहून बरेच कमी येत असतील, तर एखादी ठराविक सवय तुला चुकीच्या पर्यायाकडे ओढते आहे. ती आणखी चांगली बातमी, कारण सवय सापडते आणि सुधारता येते.

आता थोडा हिशेब. हा प्रश्न मनोधैर्याचा आहे असं तू धरून चाललीस, पण तो गुणांचा आहे. पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा, म्हणजे प्रश्नाला अडीच गुण. चुकलं की एक चतुर्थांश वजा, म्हणजे ०.६२५. समज, वीस प्रश्न दोनांवर अडकले आणि त्यातले दहाच बरोबर आले. मिळाले २५, गेले ६.२५, हातात राहिले १८.७५. तेच वीस सोडून दिले असतेस तर शून्य. म्हणजे नाणं उडवूनही तू फायद्यातच आहेस. आणि एक प्रश्न चुकीच्या बाजूकडून बरोबर बाजूला आणलास, की ३.१२५ गुण वाढतात. तुझे हुकलेले चार गुण म्हणजे असे दोन प्रश्न. संपूर्ण पेपरात दोन. आयुष्यभराच्या वाचनावर शंका घ्यावी एवढं हे मोठं प्रकरण नाही.

(केंद्राची यूपीएससी देणाऱ्यांसाठी: तिथे चुकीला एक तृतीयांश वजा होतात. चारही पर्याय शाबूत असताना ठोकलेल्या उत्तराचा सरासरी फायदा तिथे शून्य येतो. एखादा जरी खात्रीने बाद झाला तरी पारडं आपल्या बाजूला झुकतं. राज्यसेवेत गणित त्याहून थोडं उदार आहे.)

पर्याय काटणं म्हणजे उतारा न कळल्याची कबुली, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. प्रश्न काय विचारतो ते बघ: 'खालीलपैकी कोणता निष्कर्ष सर्वाधिक योग्य आहे?' सर्वाधिक योग्य ठरवायचं तर बाकीचे तीन कमी योग्य का, हे सांगता यायलाच हवं. बहुपर्यायी प्रश्नाचा जन्मही वाचनाच्या परीक्षेतच झाला. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने कॅन्ससमधल्या शाळांसाठी मूक वाचनाची चाचणी तयार केली. गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर राहू नयेत, एका प्रश्नाचा एकच अर्थ निघावा, हा त्यामागचा हेतू. त्या चाचणीला आता शंभरावर वर्षं झाली आणि एकच अर्थ निघणारा प्रश्न लिहिणं अजूनही अवघडच आहे, हा भाग वेगळा.

तुझी खरी अडचण मला तुझ्या वाचनातच दिसते. एम.ए. करताना तू जे शिकलीस, म्हणजे न लिहिलेलं वाचायचं, लेखकाच्या मनात शिरायचं, आपला अनुभव कवितेला जोडून बघायचा, ते रसग्रहणात गुण मिळवून देतं. इथे तेच महागात पडतं. चांगला वाचक उताऱ्यातल्या रिकाम्या जागा नकळत भरून काढतो, आणि प्रश्न काढणारा नेमका त्या भरलेल्या जागेतूनच एक पर्याय तयार करतो. हे बोलून कळणार नाही, म्हणून मी एक उतारा लिहिला आहे. आधी वाच, उत्तर मनात धर, मग पुढे ये.

*दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकात पाणी साठायला फारशी जागा नसते. वरचा झिजलेला थर आणि खडकातील भेगा यांतच ते साठते. त्यामुळे पावसाळ्यात विहिरी लवकर भरतात आणि उन्हाळ्यात तितक्याच लवकर तळ गाठतात. गेल्या काही दशकांत अनेक गावे विहिरींकडून बोअरवेलकडे वळली. खोल गेले म्हणजे पाणी अधिक मिळेल, हा समज त्यामागे होता. परंतु खोलवरच्या भेगांमधील पाणी एकदा उपसले की पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागू शकतात. ज्या गावांनी पाणलोटाची कामे केली आणि त्याचबरोबर पिकांचेही नियोजन केले, तेथील विहिरींना उन्हाळ्यातही पाणी टिकून राहिले. इतर गावांनीही हा मार्ग धरायला हवा.*

प्रश्न: उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष सर्वाधिक योग्य ठरतो?

(१) पाणलोटाची कामे केल्यास कोणत्याही गावाची पाणीटंचाई दूर होते.
(२) बोअरवेलच्या बेसुमार वापरामुळे राज्यातील भूजल पातळी खालावली आहे.
(३) अधिक खोली गाठल्याने पाण्याची शाश्वती मिळेलच असे नाही.
(४) शासनाने बोअरवेल खोदण्यावर निर्बंध आणायला हवेत.

पहिला आणि चौथा तू लगेच उडवला असशील. उरतात दोन आणि तीन, आणि माझा अंदाज आहे की तुझं बोट दोनकडे गेलं. का जाणार नाही? तू ज्या भागातली आहेस तिथे बोअर आटताना तू पाहिलं असशील, वर्तमानपत्रात वाचलं असशील, सामान्य अध्ययनाच्या नोट्समध्येही ते असेल. पर्याय दोन बाहेरच्या जगात खरा असू शकतो. आता उताऱ्यात बोट ठेवून दाखव: 'बेसुमार वापर' कुठे आहे? 'राज्यातील' कुठे आहे? 'पातळी खालावली' असं कोणत्या वाक्यात म्हटलंय? उतारा एवढंच म्हणतो की अनेक गावं बोअरकडे वळली, आणि खोलचं पाणी परत भरायला वेळ लागू शकतो. मधला सगळा पूल तू बांधलास.

तीन नंबर त्यामानाने किती निरुत्साही आहे बघ. 'मिळेलच असे नाही.' त्यात नवीन काही नाही, आवेश नाही, आणि म्हणूनच त्याला मोडता येत नाही. आकलनाच्या परीक्षेत बरोबर उत्तर बरेचदा असंच मचूळ असतं. ज्याचं वाचन जास्त, त्याला ते फार साधं वाटतं आणि तो हात मागे घेतो.

हे करताना आपण काय केलं, ते नीट लक्षात घे, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. दोन पर्याय उरले की तू त्यांची एकमेकांशी तुलना करतेस: हा जास्त बरोबर की तो? मग दोघांच्याही बाजूने कारणं सुचायला लागतात आणि तू दोघांचीही वकिली करतेस. काम उलटतपासणीचं आहे. एक पर्याय घ्यायचा, दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, आणि त्यातला एकेक शब्द उताऱ्यापुढे उभा करायचा: तुला इथे कोणी आणलं? ज्या शब्दाला उत्तर देता आलं नाही, तिथे पर्याय फुटला. नंतर दुसरा घ्यायचा. बाद करायचं ते 'बरोबर वाटत नाही' म्हणून नाही. पर्यायातला कोणता शब्द मोडला, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारता आली पाहिजे. रेघ मारता येत नसेल, तर तो पर्याय अजून बाद झालेला नाही, तुला फक्त तो आवडलेला नाही.

पर्याय एकचंच बघ. तू तो 'कोणत्याही' या शब्दामुळे काटला असशील, त्या अभ्यासिकेतल्या दादाच्या नियमाने. तो शब्द मोडतोच. पण त्याच्या आधी दुसरीकडे तो मोडला आहे: उताऱ्यात पाणलोटाची कामं *आणि* पिकांचं नियोजन असं दोन्ही होतं, पर्यायाने अर्धं गाळलं. उद्या परीक्षकाने 'कोणत्याही' काढून 'अनेक गावांची' केलं, तर नियम पाठ केलेला माणूस फसेल आणि उताऱ्याकडे परत गेलेला वाचेल.

'सर्व', 'कधीच' अशा टोकाच्या शब्दांचा नियम वाईट नाही, पण तो संशय घेण्यापुरता. शिक्षा सुनावण्याआधी उताऱ्याला विचारायचं. उताराच टोकाचं बोलत असेल तर? विज्ञानावरच्या उताऱ्यात 'कोणतीही माहिती प्रकाशापेक्षा अधिक वेगाने पाठवता येत नाही' असं वाक्य असेल, तर 'कधीच शक्य नाही' म्हणणारा पर्याय बरोबर आहे आणि 'सहसा शक्य नसते' म्हणणारा सौम्य पर्याय चुकीचा. कायद्यावरच्या, राज्यघटनेवरच्या उताऱ्यांतही हे घडतं. परीक्षा काढणाऱ्यांनाही हे क्लासवाले नियम ठाऊक असतात, हे विसरू नको.

आता दुसरा प्रश्न, कारण इथे रेघ मारूनही भागत नाही. 'उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?' दोन पर्याय उरले आहेत. एक: बेसाल्ट खडकाची पाणी साठवण्याची क्षमता मर्यादित आहे. दुसरा: पाणी टिकवायचे तर साठवणुकीबरोबर वापराचेही नियोजन हवे. दोन्ही उताऱ्यात आहेत. पहिला तर जवळजवळ शब्दशः आहे, म्हणून तो जास्त भरवशाचा वाटतो. अशा वेळी पर्याय खरा आहे का, हे विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं: हे वाक्य उताऱ्यातून काढलं तर बाकीचा उतारा कशासाठी लिहिलाय ते कळेल का? खडकाची माहिती ही सुरुवातीची तयारी आहे, लेखकाला जायचंय ते शेवटच्या दोन वाक्यांकडे. 'परंतु', 'तरीही', 'म्हणून', 'खरे तर' या शब्दांपाशी उतारा वळतो, आणि मुख्य मुद्दा बहुतेक वेळा वळणानंतर असतो. पहिल्या वाचनात या शब्दांना गोल करायची सवय लाव. बाकी अधोरेखन बंद कर. पूर्ण उतारा पिवळा करून काय मिळतं?

गृहीतकाच्या प्रश्नांत मात्र मी आत्ता सांगितलेला नियम उलटतो, आणि हुशार मुलं इथेच घसरतात. 'लेखकाने काय गृहीत धरले आहे?' असं विचारलं की उत्तर उताऱ्यात लिहिलेलं *नसतं*. लिहिलं असतं तर ते गृहीतक राहिलंच नसतं. तिथे 'उताऱ्यात नाही' म्हणून पर्याय उडवलास तर बरोबरचाच उडेल. तिथे पर्याय उलटा करून बघायचा. वरच्याच उताऱ्याचं घे: लेखक म्हणतो, त्या गावांनी अमुक केलं, पाणी टिकलं, म्हणून इतरांनीही करावं. पर्याय असा असला: 'त्या गावांत इतर गावांपेक्षा लक्षणीय जास्त पाऊस पडला नव्हता.' उलटा कर: जास्त पाऊस पडला होता. मग? सगळा युक्तिवादच कोसळला, कारण पाणी पावसामुळे टिकलं असेल. उलटं केल्यावर इमारत पडली, म्हणजे तो पाया होता. दुसरा पर्याय असा: 'शेतकऱ्यांना बोअरवेलचा खर्च परवडत नाही.' उलटा कर: परवडतो. लेखकाच्या म्हणण्याला काही धक्का? काहीच नाही. बाद. ही चाचणी एकदा हाताला बसली की गृहीतकाचे प्रश्न मला तरी निष्कर्षाच्या प्रश्नांपेक्षा सोपे वाटतात.

विधान अ आणि ब देऊन 'केवळ अ, केवळ ब, दोन्ही, दोन्ही नाहीत' असं विचारतात, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्या विधानाची जास्त खात्री आहे ते आधी निकालात काढ, दोन पर्याय तिथेच जातात. अवघड विधानापासून सुरुवात करणारी मुलं उगाच दमतात. आणि 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही' असल्या प्रश्नाला प्रत्येक विधानापुढे आधी यो किंवा अ लिही, मग प्रश्न पुन्हा वाच. नकार डोक्यात धरून पर्याय वाचू नयेत.

काही उतारे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत शेजारी शेजारी छापलेले असतात. तिथे मराठी वाक्य अवघडून बसलेलं दिसलं, कर्ता-कर्म कळेना, तर शेजारचं इंग्रजी वाक्य बघायला लाजू नको. तुझं मराठी कच्चं आहे म्हणून ते कळत नाही असं नसतं. ते वाक्य घाईत मराठीत आणलेलं असतं. फक्त भाषेची आकलनक्षमता तपासणारे उतारे एकाच भाषेत येतात, तिथे ही सोय नाही.

आता खरोखरच संदिग्ध असलेल्या प्रश्नांबद्दल. ते असतात. सगळा दोष स्वतःकडे घ्यायची तुझी तयारी पत्रात दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगते. आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, तज्ज्ञांचं मत घेऊन अंतिम तालिका काढतो, आणि त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. म्हणजे प्रश्नात खोट असू शकते हे आयोगानेच धरलेलं आहे. हरकत घ्यायची झाली तर उताऱ्याच्या प्रश्नाला तुझा पुरावा म्हणजे उताऱ्यातलं वाक्यच, त्यामुळे परीक्षेत मारलेली ती पेन्सिलीची रेघ तेव्हाही कामाला येते. पण परीक्षेच्या हॉलमध्ये न्याय मागत बसायचं नाही. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि त्यातच उतारा वाचायचा. दोन्ही पर्यायांची उलटतपासणी झाली, दोघेही टिकले, तर जो कमी दावा करतो तो धर आणि पुढे चल. कमी बोलणाऱ्याला खोटं पाडणं अवघड, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. तू ज्या प्रश्नावर चार मिनिटं घालवतेस, तो सुटला तरी अडीचच गुण देतो.

खासगी टेस्ट सिरीजमधल्या उताऱ्यांवरून स्वतःची परीक्षा करू नकोस. त्यातले बरेच प्रश्न घाईत केलेले असतात. कुठला तरी लेख कापायचा, चार पर्याय टाकायचे, स्पष्टीकरणात 'उताऱ्यावरून स्पष्ट होते' असं लिहून मोकळं व्हायचं. तिथे दोन उत्तरं बरोबर वाटली, तर बऱ्याचदा ती असतातही! वेळेचा सराव त्यांच्यावर कर, विचारांचा सराव आयोगाच्याच जुन्या पेपरांवर. यूपीएससीचे उतारेही चालतील, ते घट्ट बांधलेले असतात. पण निष्कर्षाची कसोटी तिथे जरा कडक आहे, हे धरून सोडव.

आणि चुकलेल्या टिंबवाल्या प्रश्नांची एक वही ठेव. प्रश्न उतरवत बसू नको. तू निवडलेला पर्याय कुठे फुटायला हवा होता, तेवढंच एका ओळीत: 'बाहेरचं ज्ञान आणलं', 'अर्धी अट गाळली होती', 'कारण आणि परिणाम उलटे होते', 'काही गावं म्हटलं होतं, मी सगळी वाचली'. पाच-सहा पेपर झाले की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसायला लागेल. माझा डाव बाहेरच्या ज्ञानावर आहे, पण वही काय म्हणते ते खरं.

रूममेटच्या 'पहिलं ठोक' बद्दल वर बोलले. त्यात एक व्यवहाराची गोष्ट राहिली. उत्तरपत्रिकेवर पेनाने रंगवलेलं वर्तुळ परत घेता येत नाही. म्हणून आधी प्रश्नपुस्तिकेत खूण कर, एक पूर्ण उतारा संपला की त्याचे सगळे प्रश्न एकदम रंगव. एकाच उताऱ्याचा चौथा प्रश्न सोडवताना दुसऱ्याचं उत्तर चुकल्याचं लक्षात येतं, हे बरेचदा होतं. मत बदलायचं ते तेवढ्यात. बदलण्यासाठी कारण लागेल, आणि कारण म्हणजे उताऱ्यातलं वाक्य. नुसती हुरहुर पुरत नाही.

उतारे सोडून गणित? नको. सीसॅटमध्ये आजवर निम्म्याहून अधिक प्रश्न उताऱ्यांवरच येत आले आहेत. एम.ए. मराठी झालेल्या मुलीने ते सोडून ज्याची धास्ती आहे तिथे तळ ठोकायचा, हा उलटा व्यवहार झाला. सगळा पेपर सोडवायचाही नाहीये. २०२२ पासून हा पेपर फक्त पात्रतेचा आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण पुरेत. ३० बरोबर आणि १४ चूक आले तरी ६६.२५ होतात. म्हणजे ४४ प्रश्न, तेही शांतपणे. त्यातले तीसेक उताऱ्यांचे घे, आणि उरलेल्यांसाठी गणित-बुद्धिमत्तेतले पाच-सहा सोपे घटक निवड: टक्केवारी, सरासरी, नातेसंबंध, दिशा, क्रममालिका. काळ-काम-वेगाशी या वर्षी भांडू नकोस. पहिल्या फेरीत ज्या उताऱ्याचा विषय अंगावर येतो तो सोडून दे. तत्त्वज्ञानावरचा गिचमिड उतारा आणि गहू-तांदळावरचा सरळ उतारा, दोघांचेही गुण सारखेच आहेत.

तुला बोचतं ते असंही असेल की 'सीसॅट काय, फक्त पासच तर व्हायचंय' असं अभ्यासिकेत सगळे म्हणतात आणि तू तिथेच अडकलीस. दर निकालाला अशी मुलं असतात. ती गप्प बसतात म्हणून तुला दिसत नाहीत. सामान्य अध्ययनात तू कटऑफच्या वर होतीस, हेही त्याच निकालात लिहिलेलं आहे.

राहिली कार्यशाळा. उतारा न वाचता उत्तर येतं असं जो सांगतो, त्याच्याकडे विकायला फक्त ते टोकाच्या शब्दांचे नियम असणार, आणि त्यातला कामाचा भाग वर येऊन गेला. बाबांकडे आठ हजार मागू नकोस. आयोगाच्या संकेतस्थळावरून जुने पेपर आणि अंतिम उत्तरतालिका उतरवून घे, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आण, आणि रविवारी सकाळी घड्याळ लावून पहिला सोडव. दोन महिन्यांनी टिंबांचा हिशेब मला कळव. वहीत सगळ्यात जास्त वेळा कोणतं कारण आलं, तेही लिही. पुढचं त्यावर बोलू.